मल्लूअण्णा आणि शेठचा विडा

आमची शेवंता गेली त्याला आता वर्ष होत आलं. ती असताना संध्याकाळी चुलीपाशी बसून जुन्या माणसांच्या आठवणी काढायची. अमका असा होता, तमकी अशी बोलायची. मी नुसता हूं हूं करायचो. आता सांगणारं कोणी नाही, म्हणून हूं म्हणायचंही राहिलं. तिच्या तोंडी सगळ्यात जास्त नाव यायचं ते मल्लूअण्णाचं. म्हणायची, "आवं, त्या माणसाचं कुणीतरी लिवून ठेवाय पायजे." मी म्हणायचो, लिहील कोणीतरी शिकलेला. शिकलेल्यांनी काही लिहिलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तर कंटाळले म्हणून वर ढकललेलं. जमेल तसं लिहितो.

त्याचं खरं नाव मल्लाप्पा. जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दुष्काळात पोट भरायला सांगलीला आला आणि गावाबाहेरच्या आमच्या ओतकामाच्या कारखान्यात लागला. आम्ही पाण्याच्या पंपांचे लोखंडी भाग ओतायचो. तो साचे करायचा, मी ओतून थंड झालेला माल घासायचो. अंगानं उंच, काळा, वाळक्या बाभळीसारखा. खांद्यावर घोंगडी बारा महिने. उन्हाळ्यात भट्टीजवळ आम्ही बनियन काढून पिळायचो, आणि याची घोंगडी खुंटीला अडकवलेली, सुट्टी झाली की परत खांद्यावर. कोणी विचारलं, "अण्णा, थंडी वाजती काय रं?" तर म्हणायचा, "थंडी न्हाई. सवय हाय."

साच्याची वाळू बरोबर भिजली का हे बघायला तो मूठभर वाळू दाबायचा, मूठ उघडायचा आणि ढेकळावर बोटांचे ठसे नीट उठले की मान हलवायचा. ही सवय त्याच्या हातात एवढी मुरली होती की कुठंही गेला तरी हात तेच करायचा. रविवारी आमच्या खोलीवर जेवायला यायचा, कारण त्याची बायको-पोरं गावाकडं मेंढरांपाशी. शेवंता पीठ मळत असली की हा परातीतलं बोटभर पीठ घेऊन दाबून बघायचा आणि गंभीर तोंड करून मान हलवायचा. शेवंता म्हणायची, "झाली का पसंत? आता लोखंडाचा रस वततूस का मी भाकरी करू?" ती त्याच्यापेक्षा धा-बारा वर्षांनी लहान, पण हा तिला अक्का म्हणायचा. त्यांच्याकडं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. ती म्हणायची, मी कशी मोठी? तर म्हणायचा, "भाकरी वाडती ती मोठी."

मराठी बोलायचा, पण साच्याला ती आणि भट्टीला तो म्हणायचा. नाही म्हणायचं असलं की मात्र कानडीत म्हणायचा. इल्ला. एकदा इल्ला आला की तो विषय संपला. मग शेठ येऊ दे नाहीतर देव.

आणि पाणी. जतच्या माणसाला पाण्याची किंमत सांगायला लागत नाही. त्यानं पेल्यात घोटभर पाणी कधी उष्टं टाकलं नाही. दुसऱ्यानं टाकलं तर तो पेला उचलून कुठल्या तरी झाडाच्या बुंध्यात ओतायचा. कारखान्याच्या दारात एक लिंब होता, त्याला आम्ही मल्लूअण्णाचा लिंब म्हणायचो. तो सगळा उष्ट्या पाण्यावर वाढला.

आता फंडाचं सांगतो. आमच्या पगारातनं दर महिन्याला फंड कापायचे, तेवढाच कारखाना घालायचा, आणि रिटायर झाल्यावर ते सगळं एकदम हातात मिळायचं. त्या काळी काही कारखान्यांना हा फंड सरकारात न भरता आपला ट्रस्ट करून सांभाळायची मुभा होती. आमच्या शेठनंही तसा ट्रस्ट केला होता. त्यात काही विश्वस्त शेठच्या बाजूचे आणि काही आम्ही कामगारांनी निवडून द्यायचे. निवडणूक म्हणजे काय, जेवणाच्या सुट्टीत हात वर करायचे. भट्टीवरच्या तुकारामनानानं उठून सांगितलं, "मल्लाप्पाला घाला. ह्यानं दुसऱ्याच्या डब्यातलं लोनचंसुदिक कवा खाल्लं न्हाई." सगळे हसले आणि हात वर झाले. मल्लूअण्णा इल्ला म्हणाला, पण नानापुढं त्याचं चाललं नाही. नाना त्याच्याहून मोठा, आणि कारखान्यात पहिल्या दिवशी यानं ज्याच्या हाताखाली काम धरलं तो माणूस.

विश्वस्तांची बैठक शेठच्या बंगल्यावर असायची. मल्लूअण्णा धुतलेलं धोतर नेसून जायचा. खुर्चीच्या कडेवर बसत असणार, कारण आमच्या खोलीतही तो कधी टेकून बसला नाही. परत आला की आम्ही घोळका करायचो. विश्वस्तसायेब, काय ठरलं? तो म्हणायचा, "चा चांगली हुती." आम्ही पोट धरून हसायचो. तो कानडी शाळेत दुसरीपर्यंत शिकलेला, सही कानडीत करायचा. बैठकीत इंग्रजी चालायची. तो काय समजणार आणि आम्ही तरी काय विचारणार. आम्हाला वाटायचं, आपला माणूस तिथं बसलाय ना, मग झालं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. भट्टी थंड, सगळीकडं झेंडूच्या माळा, हातोड्यांना हळदकुंकू. शेठ स्वतः यायचा आणि प्रत्येक खात्यातल्या जुन्या माणसाला टॉवेल आणि पानाचा विडा द्यायचा. शेठनं हातात दिलेला विडा तिथंच त्याच्यासमोर तोंडात घालायचा, ही आमच्या कारखान्याची रीत होती. खिशात ठेवला तर शेठचा अपमान. त्या वर्षी मल्लूअण्णाला विडा मिळाला, त्यानं तो तोंडात घातला, आणि मागनं मॅनेजरनं एक कागद पुढं केला. फंडाचं कायतरी आहे, सही करा म्हणाला. मी दोन हातावर उभा होतो. अण्णाचा गाल फुगलेला, ओठ लाल. त्यानं कागद बघितला, शेठकडं बघितलं, आणि सही केली. त्यात बघण्यासारखं काही होतं असं आम्हा कोणालाच वाटलं नाही. प्रसाद वाटायला सुरुवात झाली होती, आमचं लक्ष तिकडं.

तो कागद म्हणजे ठराव होता. आमच्या फंडाचा मोठा भाग सरकारी रोख्यातनं काढून शेठच्या पुतण्याच्या नव्या पाईपच्या कारखान्यात ठेवायचा, असं त्यात होतं. हे आम्हाला कळलं ते पाईपचा कारखाना बुडाल्यावर.

कळलं कसं, तर तुकारामनाना रिटायर झाला. त्याला हार घातला, नारळ दिला, मॅनेजर दोन शब्द बोलला. नाना हार घालून तसाच उभा. म्हणाला, "आनि माजा फंड?" मॅनेजर म्हणाला, येईल, पुढच्या महिन्यात. पुढचा महिना गेला, त्याच्या पुढचाही गेला. नानाचं गाव आष्ट्याच्या जवळ. तिथं पडक्या घरावर पत्रा घालायचा आणि एक म्हैस घ्यायची, एवढंच त्याचं ठरलं होतं. मुलगा नाही, एक लेक सांगलीतच दिलेली. कारखान्याची खोली सोडावी लागली, गावात राहायला घर नाही, म्हणून नाना-नानी लेकीच्या घरी राहायला गेली. ज्याला आमची रीत माहीत आहे त्याला यातलं दुःख सांगायला नको. लेकीच्या घरचं पाणी न पिणारी ती पिढी. नाना जावयाच्या ओसरीवर भिंतीकडं तोंड करून जेवायचा, हे शेवंतानं स्वतः बघितलं आणि घरी येऊन रडली.

मग आम्ही सगळे मॅनेजरच्या खोलीत घुसलो. त्यानं पाईपचं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "ठरावावर तुमच्या माणसाची सही आहे." सगळे मल्लूअण्णाकडं वळले. तो म्हणाला, "सही माजीच हाय." एवढंच. फसवलं म्हणाला नाही, कळलं नाही म्हणाला नाही. त्यानंतर कारखान्यात काही जण बोलायला लागले की खाल्लं असंल यानं. चा चांगली हुती, हे त्याचंच वाक्य त्याच्या पाठीमागं म्हणायला लागले. नानानं तर त्याच्याशी बोलणंच सोडलं. आणि मल्लूअण्णानं नानाच्या जावयाच्या गल्लीतनं जायचं सोडलं. लांबचा फेरा घालून कामाला यायला लागला.

शेठचं मूळ घर साताऱ्याचं आणि ट्रस्टची नोंदही तिथलीच, म्हणून दावा साताऱ्याच्या कोर्टात घालायचं ठरलं. आम्ही काही जण, नाना आणि मल्लूअण्णा असे एस.टी.नं गेलो. राजवाड्याजवळ एका माडीवर आमच्या वकिलाचं ऑफिस होतं. वकील तरुण, हुशार, जरा तापट. त्यांनी समजावलं की विश्वस्तानं दुसऱ्याचा पैसा आपल्या पैशापेक्षा जास्त जपायचा असतो, हे कायद्यानं त्याच्यावर बांधलेलं आहे. म्हणून सगळ्या विश्वस्तांवर दावा. मग मल्लूअण्णाकडं बघून म्हणाले, "तुमचं तसं नाही. तुम्हाला फसवून सही घेतली असं लिहू. तुमचं नाव या लोकांच्या बाजूला घालतो."

"इल्ला."

वकिलाला कानडी येत नव्हती, पण समजलं. "मग कुठं घालू?"

"सह्या केल्या त्येंच्या वळीत."

"अहो, उद्या निकाल लागला तर वसुली तुमच्यावरही येईल. गावाकडची जमीन जाईल. कळतंय का?"

मल्लूअण्णा जमिनीवर बसला होता. तिथनंच सांगायला लागला. एवढं लांब बोलताना मी त्याला तेव्हाच ऐकलं. "आमच्याकडं चार घरची मेंढरं एक माणूस राखतो. लांडग्यानं एकादं न्हेलं तर राखणाऱ्यानं हिंडून त्येचा कान हुडकायचा आन मालकाला आणून दावायचा. कानावर मालकाची खूण आसती. कान दावला की राखणाऱ्यावर दोष न्हाई. कान घावला न्हाई तर आपल्या कळपातलं भरून द्यायचं. आता नानाच्या मेंढराचा कान मी कुठनं आणू?"

नाना खिडकीबाहेर बघत होता. वकील म्हणाले, "कोर्टात मेंढरं चालत नाहीत, मल्लाप्पा." पण शेवटी चिडून का होईना, प्रतिवादींच्या यादीत सगळ्यात खाली त्याचं नाव लिहिलं.

मग तारखा सुरू झाल्या. कितीतरी वर्षं. पहाटेची एस.टी. धरायची, साताऱ्यात उतरायचं, कोर्टात बसायचं, आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परत. मल्लूअण्णा आमच्याच गाडीनं यायचा, आमच्याच फडक्यातली शेवंताची भाकरी खायचा, आणि कोर्टात पुकारा झाला की उठून शेठच्या माणसांच्या बाकावर जाऊन बसायचा. मॅनेजर त्याच्यापासून सरकून बसायचा. इस्त्रीचे कपडे एका टोकाला, घोंगडी दुसऱ्या टोकाला, मध्ये बाक मोकळा. पट्टेवाल्यानं पहिल्यांदा त्याला उठवलंच होतं, अरे तुझी माणसं तिकडं आहेत म्हणून. अण्णा म्हणाला, "मानसं तिकडची. जागा हितली."

भाकरी खाताना नाना असला तर हा पाठ फिरवून लांब बसायचा. एकदा कराडच्या स्टँडवर नानाला खोकल्याची मोठी उबळ आली. आम्ही चहावाल्याकडं पळतोय तोवर मल्लूअण्णानं आपला तांब्या त्याच्यासमोर धरला. नाना वर न बघता पाणी प्याला आणि त्यानं तांब्या खाली ठेवला. अण्णानं उचलला. परत खोलीवर आलो तेव्हाही अण्णाच्या तोंडावर असं काहीतरी होतं की त्याला बघून शेवंता मला विचारायला लागली, आज काय निकाल लागला का?

जबानीच्या आधी मॅनेजर त्याच्या खोलीवर जाऊन आला. ठराव वाचून दाखवला होता आणि मला पटला होता, एवढंच म्हण, तुला काही होणार नाही, धंद्यात नुकसान कुणाचंही होतं. असं सांगून गेला. इकडं आमचे वकील म्हणत होते, अडाणी आहे, फसवलं, असं म्हण, अजून वेळ गेलेली नाही. दोन्ही गोष्टी त्यानं आम्हाला भट्टीपाशी बसून सांगितल्या, जशा काही पावसापाण्याच्या. मग तू काय म्हणणार, असं विचारलं तर वाळू दाबत बसला.

जबानीच्या दिवशी नाना आला होता. शेठही आला होता, नेहमी यायचा नाही. मल्लूअण्णा पिंजऱ्यात उभा राहिला. घोंगडी बाहेर ठेवायला लावली होती, त्यामुळं तो अर्धा वाटत होता. शेठचा वकील पुण्याचा, मोठ्या नावाचा. त्यानं विचारलं, ही सही तुमची? व्हय. बंगल्यावर बैठक झाली, ठराव वाचून दाखवला, बरोबर? न्हाई. मग सही का केली?

अण्णा म्हणाला, "तोंडात विडा हुता."

कोर्टात हशा झाला. जज्जसाहेब हसले नाहीत. म्हणाले, नीट सांगा.

"खंडेनवमीचा विडा, सायेब. शेठनं सोताच्या हातानं दिल्याला. तवाच कागद म्होरं आला. ह्यात काय हाय म्हणून इचारायचं तर विडा थुकाय लागला असता. शेठच्या म्होरं शेठचा विडा थुकायचा कसा, म्हणून गप बसलो आन सही केली. थुकता आलं असतं. थुकलो न्हाई, ती चूक माजी."

मग कोणीच हसलं नाही. आमचे वकील उठून उभे राहिले होते ते तसेच राहिले. शेठच्या बाजूचं सगळं म्हणणं होतं की रीतसर बैठक झाली, चर्चा झाली, कामगारांचा माणूस समजून-उमजून राजी होता. जज्जसाहेबांनी तिथंच शेठला विचारलं की खंडेनवमीला तुम्ही विडे देता का. शेठ खोटं बोलला नाही, हे त्याचंही सांगायला पाहिजे. दरसाल देतो, म्हणाला. त्या दिवशी सह्या घेतल्या का? घेतल्या, म्हणाला.

निकाल लागला. सगळ्या विश्वस्तांनी मिळून फंड भरून द्यायचा. शेठ वरच्या कोर्टात जाणार अशी आवई होती, पण गेला नाही. पाईपच्या कारखान्याची जागा विकली, बाकीचं शेठनं घातलं, आणि हप्त्याहप्त्यानं लोकांचे फंड मिळायला लागले. पहिला हप्ता नानाचा.

मल्लूअण्णानं वकिलाकडं जाऊन सांगितलं, माजा फंड ह्या भरपाईतच धरा. वकील म्हणाले, शेठ भरतोय, तुमच्यामागं कोणी लागलेलं नाही, कशाला? इल्ला. आम्ही वर्गणी काढून त्याला द्यायचं ठरवलं. इल्ला. शेवंता भडकली. भाकरी थापता थापता म्हणाली, "खुळा हायस का अण्णा? बायकू-पोरांनी काय खायाचं?" तो म्हणाला, "मेंढरं हायत की अक्का." ती म्हणाली, मेंढरं काय सोनं हगत्यात? पण वाढताना तिनं त्याच्या ताटात तूप जरा जास्तच सोडलं. मला विचाराल तर मी अजून म्हणतो, त्यानं आपला फंड सोडायला नको होता. कोर्टानं मागितला नव्हता, आम्ही मागितला नव्हता. पण त्याच्या कळपाचा हिशेब त्याला ठाऊक.

नानानं गावी जाऊन पत्रा घातला आणि म्हैस घेतली. म्हैस व्याली तेव्हा आम्हाला सांगावा आला, खरवस खायला या, आणि येताना त्याला घेऊन या. नाव घेतलं नव्हतं. मल्लूअण्णाची नोकरी त्याच आठवड्यात संपली होती, दुसऱ्या दिवशी तो जतला निघायचा होता. यायला तयार नव्हता. शेवंतानं त्याची घोंगडी उचलून आपल्या खांद्यावर टाकली आणि चालायला लागली, तेव्हा मागनं आला.

नानाच्या दारात मी आणि शेवंता आत गेलो. हा बाहेरच. पायातलं काढून उंबऱ्याच्या अलीकडं उभा. आतनं नाना म्हणाला, "कोन हाय रं भाईर?"

"मी, मल्लाप्पा."

"मग म्हशीगत भाईर का हुबा ऱ्हायलाईस? एक हाय ती बास हाय मला."

तो आत आला. नानीनं पाट मांडला. नानानं आपला पाट ओढून त्याच्या शेजारी घेतला. आम्ही जेवलो, खरवस खाल्ला. नाना म्हशीबद्दल बोलत होता, दूध किती देती, कासंला हात कसा लावू देत नाही. कोर्टाचं एक अक्षर निघालं नाही. मल्लूअण्णा खाली मान घालून जेवत होता. नानीनं तिसऱ्यांदा खरवस वाढला तेव्हा पुरे म्हणाला नाही. नाना म्हणाला, "खा. माज्या घरचं हाय."

जेवण झाल्यावर अण्णा सोप्यात भिंतीला टेकून बसला, आणि बसल्या बसल्या आडवा झाला, आणि झोपला. तोंड उघडं टाकून, हात पसरून, लहान पोरासारखा. म्हैस ओरडली, नानीची भांडी वाजली, तरी हलला नाही. आमची गाडी दुपारची होती. माझी साताऱ्याकडं नवी नोकरी लागली होती, पुढच्या आठवड्यात आम्हीही सांगली सोडणार होतो. म्हणून मी त्याला हाक मारायला पुढं झालो. परत कधी भेटणार, निदान निरोप तरी घ्यावा. पत्र्याच्या फटीतनं ऊन बरोबर त्याच्या डोळ्यांवर येत होतं. शेवंता तिथं आधीच उभी होती, उन्हाला आडवी, पदर पसरून. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं मान हलवून मला गप्प केलं. गाडी चुकली तर चुकू दे, म्हणाली, डोळ्यांनीच.